खारं पाणी आणि भारी रेझर: आधी काय घ्यावं, कसं पारखावं

प्रश्न थोडक्यात असा. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातले भाऊ आजवर तीन पात्यांच्या कार्ट्रिजने दाढी करत आले. केस राठ, थोडे कुरळे, आणि मानेवर कायम पुटकुळ्या. आता पारंपरिक पद्धतीचं चांगलं सामान घ्यायचं म्हणून बारा हजार बाजूला काढलेत: जर्मन रेझर, बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश, लंडनची क्रीम. त्याआधी चव घ्यावी म्हणून साधा सेफ्टी रेझर आणून बोअरच्या पाण्यावर थोडे दिवस वापरला. फेस गालावरच विरतो, ब्लेड ओढतं, मान आणखी लाल झाली. विचारतात, कोणता रेझर घेतला तर हा त्रास जाईल? आणि घरी वडीलही तोच वापरू शकतील का?

नमस्कार भाऊ. तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळी दुखणी एकत्र आली आहेत: पाणी, ब्लेड आणि मानेवर फिरणारा हात. रेझरचा नंबर चौथा लागतो. बारा हजारांचा रेझर आणला आणि बाकीचं तसंच ठेवलं, तर फेस तसाच विरेल आणि मानही तशीच लाल होईल. म्हणून मी ज्या क्रमाने सामान बदलायला सांगतो त्याच क्रमाने लिहितो. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील: घरी गोडं पाणी किती मिळतं, मानेवरचे केस कोणत्या दिशेने वाढतात, जनावरांच्या केसांचा ब्रश घरात चालतो की नाही. ते ते जिथे येईल तिथे सांगतो.

दर्यापूर म्हटल्यावर पहिला संशय पाण्यावरच जातो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या बोअरच्या आणि विहिरीच्या पाण्यात मीठ असतं, आणि बऱ्याच ठिकाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षारही. दाढीचा साबण बनतो मुख्यतः स्टिअरिक आम्लावर पोटॅशियम आणि सोडियमच्या अल्कलीची क्रिया करून. जड पाण्यातलं कॅल्शियम या साबणाला धरतं आणि पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. न्हाणीतल्या बादलीच्या काठावर जो पांढरट थर चढतो त्यात हा साका असतो. जितका साबण साक्यात गेला तितका फेसाला कमी पडला. मिठाचं काम वेगळं, पण परिणाम त्याच बाजूचा: साबण बनवताना घोळातून साबण वेगळा काढायला मीठच घालतात, कारण खाऱ्या पाण्यात साबण नीट विरघळून राहत नाही. विहिरीचं पाणी तेवढं दाट खारं नसतं, तरी फेस दबायला ते पुरतं.

तुमच्या पाण्याची परीक्षा घरीच घ्या. दोन सारख्या पारदर्शक बाटल्यांत प्रत्येकी २०० मिली पाणी घ्या. एकीत बोअरचं, दुसरीत आरओच्या जारचं किंवा योजनेच्या नळाचं गोडं पाणी. दोन्हींत हरभऱ्याएवढी दाढीची क्रीम टाकून वीस-वीस वेळा हलवा आणि पाच मिनिटं ठेवून द्या. गोड्या पाण्यावर फेसाचा जाड थर टिकून राहील. बोअरच्या पाण्यात फेस बसून गेला आणि खाली दुधट, फुटक्या कण्यांचं पाणी दिसलं, तर तुमच्या निम्म्या तक्रारीचं कारण हातात आलं. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसल्या तर मात्र पाण्याला दोष देऊ नका. मग चूक फेस करण्याच्या रीतीत आहे, ती पुढे बघू.

दोन घरगुती उपायांबद्दल आधीच सांगतो, कारण ते सगळेच करून बघतात. पाणी उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा जातो, पण क्लोराइड-सल्फेटचा जात नाही आणि मीठ तर मुळीच जात नाही. पाणी आटलं की उलट ते दाट होतं. तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार पाण्यातच राहतात. खरा उपाय एकच, दाढीपुरतं गोडं पाणी वेगळं ठेवणं. ते फार लागत नाही. ब्रश भिजवायला आणि फेस करायला एक पेला, दाढी भिजवायला आणि शेवटी तोंड धुवायला एक-दोन पेले, रेझर शेवटचा खंगाळायला थोडं. अर्ध्या लिटरात सगळं निभतं, म्हणजे २० लिटरच्या जारात चाळीस दाढ्या. मधल्या वेळी रेझर खंगाळायला बोअरचं पाणी चालेल. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी मिळत असेल तर पहिले एक-दोन पाऊस जाऊ द्या, छत धुऊन निघालं की ते पाणी भरून ठेवा. फेसाला त्याच्याइतकं चांगलं पाणी नाही.

आता क्रीम आणि साबण. भारी सामानात मला सगळ्यात आधी पटणारा खर्च हाच आहे. टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीटसारख्या लंडनच्या क्रीमचा डबा १५० ग्रॅमचा येतो. एका दाढीला साधारण एक ग्रॅम लागते, म्हणजे दीडशे दाढ्या. डब्याची किंमत बघून छाती दडपते, पण दाढीमागे हिशेब केला तर कार्ट्रिजपेक्षा स्वस्त पडतं. तुमच्या पाण्यासाठी कडक वडीच्या साबणापेक्षा क्रीम सोयीची. तिच्यात पाणी आधीच मुरलेलं असतं, ती ब्रशवर लवकर चढते, आणि जास्त घेणंही सोपं जातं. डब्याच्या मागे घटक वाचा. टेट्रासोडियम ईडीटीए किंवा टेट्रासोडियम एटिड्रोनेट लिहिलेलं असेल तर ती क्रीम जड पाण्यात थोडी तग धरते, कारण हे पदार्थ कॅल्शियमला धरून ठेवतात आणि साबण मोकळा राहतो. सोडियम टॅलोएट किंवा पोटॅशियम टॅलोएट लिहिलं असेल तर त्यात जनावराची चरबी आहे. इटलीच्या काही नावाजलेल्या साबणांत ती असते आणि फेस उत्तम देते, पण माळकरी घरात किंवा कुणाच्या धर्माला चालत नसेल तर हे घेण्याआधी बघायला हवं, पार्सल फोडल्यावर नव्हे. वासाचा विचार मेच्या उन्हाच्या हिशेबाने करा. तीव्र सुगंधाची क्रीम आधीच लाल झालेल्या मानेला झोंबू शकते. पहिला डबा सौम्य वासाचा किंवा बिनवासाचा घ्या.

ब्रशच्या बाबतीत माझा सल्ला तुमच्या यादीच्या विरुद्ध आहे. बॅजर सध्या राहू द्या. त्याचे केस पाणी छान धरतात, गालावर मऊ लागतात, यात शंका नाही. पण वापरल्यावर ते पूर्ण वाळायला हवेत, आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत न्हाणीतल्या फळीवर ते वाळत नाहीत. ब्रशच्या बुडाशी ओल राहते, वास येतो, पुढे बुरशी धरते. शिवाय जड पाण्यातला साका केसांच्या मुळाशी जमत जातो आणि ब्रश मधोमध ताठ होतो. डुकराच्या केसांचा ब्रश स्वस्त आणि टिकाऊ असतो, इटलीच्या ओमेगाचे ब्रश न्हाव्यांच्या हाती जगभर दिसतात. पण तो पाच-दहा मिनिटं भिजवावा लागतो, टोकं फुटून मऊ व्हायला पंधरा-वीस दाढ्या जातात, आणि अनेक घरांत तो केसच चालत नाही. आताचे चांगले सिंथेटिक ब्रश या सगळ्यातून सोडवतात: भिजवायचं काम नाही, कमी क्रीमवर भरपूर फेस, आणि काही तासांत कोरडे. २४ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा गुच्छ असलेला मध्यम ब्रश घ्या. बॅजरची हौस असेल तर ती शेवटी करा, गोड्या पाण्याची शिस्त लागल्यावर.

फेस कसा करायचा हे सावकाश सांगतो, कारण ब्लेड ओढतं अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत मला सगळ्यात जास्त चूक इथेच दिसते. आधी केस भिजवा. कोरडा राठ केस कापायला अवघड असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं राहिला की पाणी पिऊन मऊ होतो आणि कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. अंघोळीनंतर दाढी करायची रीत म्हणूनच चांगली. शेतातून आला असाल तर धूळ साबणाने पूर्ण धुवा. मातीचा कण ब्लेडची धार मारतो. मग गोड्या पाण्याचा हात दाढीवर फिरवा आणि पुसू नका.

ब्रश ओला करून दोनदा झटका, ओलसर राहू द्या, टपकता नको. वाटीत हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढी क्रीम घ्या. कडक साबण असेल तर वडीवर ब्रश २०-३० सेकंद फिरवा, आणि पाणी थोडं जड असेल तर मिनिटभर. आता वाटीत ब्रश फिरवत अर्धा-अर्धा चमचा कोमट पाणी घालत जा. पहिल्या पाण्याला लेप घट्ट आणि निस्तेज दिसेल. बहुतेक जण इथेच थांबतात, कारण तो भरपूर आणि पांढरा दिसतो. हाच लेप गालावर दोन मिनिटांत वाळतो आणि ब्लेड ओढतं. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला त्यावर चकाकी येते, बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात आणि ब्रश उचलला की शेंडा हलकेच वाकतो, चांगल्या घोटलेल्या श्रीखंडासारखा. एकूण दोन ते तीन चमचे पाणी लागतं. बोटांत घेऊन चोळा: बोटं एकमेकांवर घसरली पाहिजेत. मोठे बुडबुडे दिसले किंवा फेस हनुवटीवरून ओघळला तर पाणी जास्त झालं, थोडी क्रीम वाढवा. फेसाचा ढीग किती उंच झाला हे महत्त्वाचं नाही. ब्लेड कातडीवरून घसरणं हे त्याचं काम आहे, आणि ते घसरणं फेसात मुरलेल्या पाण्यातून येतं.

आपल्याकडचा आणखी एक मुद्दा. एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की कूलरच्या झोतात किंवा पंख्याखाली बसलात तर चांगला फेसही एका गालाचं काम होईतो सुकतो. दाढीपुरता झोत बंद करा, अर्ध्या चेहऱ्याला एकदा आणि उरलेल्या अर्ध्याला एकदा असा फेस लावा, आणि मध्ये सुकलं वाटलं तर ओला ब्रश फिरवा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उलट त्रास होतो, गार वाटीत फेस जड राहतो; गंजात थोडं पाणी तापवून वाटी त्यात ठेवा.

आता ब्लेड. किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत १९०४ मध्ये सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं. आजचे दुधारी रेझर त्याच घराण्यातले. आज कोणत्याही कंपनीचं दुधारी ब्लेड जवळजवळ कोणत्याही दुधारी रेझरमध्ये बसतं. म्हणजे तुमच्या हजारोंच्या रेझरमध्येही केस कापणार आहे ते काही रुपयांचं पातंच. आणि पात्यांत फरक मोठा असतो: स्टील, धार लावायची पद्धत, वरचा प्लॅटिनम-क्रोमचा आणि टेफ्लॉनचा पातळ लेप, सगळंच वेगळं. जपानचं फेदर अतिशय धारदार असतं. राठ केसांवर सुरेख चालतं, पण हात बसलेला नसेल तर मानेवर लगेच ओरखडे काढतं. ॲस्ट्रा, सेव्हन ओ क्लॉक, सुपरमॅक्स ही सगळी स्वभावाने वेगळी आहेत. कुणाला कोणतं मानवेल हे केस, कातडी आणि रेझर या तिघांवर ठरतं, म्हणून दुसऱ्याची पसंती तुम्हाला लागू पडेलच असं नाही. चार-पाच प्रकारांची एक-एक पाकिटं घ्या. भारी सामान पारखायला बसलेल्या माणसाने सगळ्यात आधी करायचा आणि सगळ्यात स्वस्त प्रयोग हाच आहे.

एक ब्लेड तीन ते पाच दाढ्या. पहिली दाढी कधी कधी जरा कडक लागते आणि दुसरी-तिसरी मऊ. म्हणून पहिल्याच दाढीवर ब्लेडला नापास करू नका. ओढायला लागलं की ते लगेच फेकायचं, पैसे वसूल करायला आणखी एक दाढी ओढायची नाही. मानेवरच्या अर्ध्या जखमा त्या शेवटच्या दाढीच्या असतात. धार टॉवेलला पुसू नका, फक्त खंगाळून झटका. जुनी ब्लेडं एका पत्र्याच्या डब्यात साठवा. उकिरड्यावर टाकलेलं पातं गुराच्या तोंडात किंवा पोराच्या पायात जातं.

इथवर आल्यावर रेझर. भारी रेझर तुम्हाला खरोखर काय देतो? ब्लेड दोन्ही बाजूंना सारखं आणि न थरथरता धरून ठेवलं जातं, मुठीला पकड आणि वजन असतं, आणि धातू वर्षानुवर्षं टिकतो. धार तो देत नाही. टोपी आणि खालच्या प्लेटमधून पातं किती बाहेर डोकावतं आणि किती फट राहते यावरून रेझर सौम्य की जहाल ते ठरतं. जर्मनीतल्या सोलिंगनच्या मेर्कूरचा ३४सी आणि म्यूले या दुसऱ्या जर्मन कंपनीचा आर८९ हे दोन्ही सौम्य ते मध्यम, नव्या हाताला योग्य. इंग्लंडच्या एडविन जॅगरच्या डीई८९चं डोकं आर८९च्या डोक्यासारखंच आहे, तिथे निवड मुठीच्या घाटावर करायची. म्यूलेचाच आर४१ मात्र ओपन कोम, म्हणजे प्लेटची कड कंगव्यासारखी दातेरी, आणि चांगलाच जहाल. नाव एकच कंपनीचं म्हणून तो उचलू नका, तुमच्या मानेला तो सोसणार नाही.

तुमच्या गावासाठी यात आणखी एक गोष्ट बघायला हवी, जी शहरातले लोक सहसा सांगत नाहीत. ३४सी आणि आर८९ यांची डोकी जस्ताच्या मिश्रधातूची, वर क्रोमचा मुलामा. मुलामा शाबूत असेपर्यंत काही होत नाही. पण शहाबादी फरशीवर एकदा आपटून टवका उडाला आणि त्यातून खारं पाणी आत गेलं, तर जस्त खायला सुरुवात होते, मुलामा फुगतो आणि ते परत दुरुस्त होत नाही. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याने पैसे घालायचेच असतील तर पोलादी रेझरवर घालावेत, आणि त्यातही ३१६एल स्टीलच्या. त्यात मोलिब्डेनम असल्याने मिठाच्या पाण्यात खड्डे पडायला ते साध्या ३०४ स्टीलपेक्षा जास्त विरोध करतं. रॉकवेल ६एस हा त्या जातीतला एक. त्याच्या तीन प्लेटा, प्रत्येकीच्या दोन बाजू, अशी सहा सेटिंग मिळतात. तुमच्यासारख्याला हे विशेष उपयोगाचं, कारण मानेला दोन नंबर आणि गालाला तीन-चार असं पारखून बघता येतं, नवा रेझर न घेता. क्रोमचाच घेतलात तरी चालेल, फक्त रोज शेवटी गोड्या पाण्याने खंगाळा, झटका आणि कोरड्या जागी उभा ठेवा. साक्याचा थर बसला तर कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश पुरे. क्रोमच्या रेझरवर लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका.

ब्लेड बसवताना होणारी चूकही इथेच सांगतो. तीन भागांच्या रेझरमध्ये टोपी उलटी धरा, ब्लेड बसवा, प्लेट ठेवा, आणि ब्लेडची आखूड टोकं दोन बोटांत धरून मूठ आवळा. सरळ समोर धरून बघा: दोन्ही बाजूंना पातं सारखंच दिसलं पाहिजे. एकीकडे जास्त डोकावत असेल तर ती बाजू कापेल आणि दुसरी नुसती फिरेल. मूठ हाताने घट्ट होईल तेवढीच आवळायची. जोर लावला तर जस्ताच्या डोक्याचे आटे जातात.

वस्तऱ्याचं विचारलेलं नाही, पण या वाटेला लागलेल्यांना तो खुणावतोच. खऱ्या वस्तऱ्याला चामड्याचा पट्टा, दगड आणि बराच सराव लागतो, आणि कार्बन स्टीलचं पातं खाऱ्या पाण्याने व पावसाळ्याने गंजतं. मानेचा त्रास मिटेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

मानेवरच्या पुटकुळ्या. कुरळा केस कातडीच्या खाली कापला गेला की त्याचं टोकदार अग्र वाकून पुन्हा कातडीत शिरतं, आणि तिथे गाठ, लाली, कधी पू होतो. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस ओढतं आणि मागचं त्याला खाली कापतं; शिवाय एकाच जागेवरून तीन पाती जातात. एका पात्याच्या रेझरने हे कमी होतं, पण आपोआप नाही. हाताची सवय बदलावी लागते.

आधी मानेला विश्रांती द्या. फोड आणि सूज ओसरेपर्यंत ब्लेड लावू नका. ट्रिमरने खुंट ठेवलेले चालतील. दोन दिवसांची वाढ झाली की बोट फिरवून केसांची दिशा शोधा आणि कागदावर चेहरा काढून बाण करा. गालावर केस बहुधा खाली जातात, पण मानेवर अनेकांचे आडवे किंवा वरच्या बाजूला वाढतात; अशा माणसाने वरून खाली ब्लेड ओढलं की तो नकळत उलटा, म्हणजे केसांच्या दिशेविरुद्ध, हात मारतो. पहिला महिना फक्त सुलटा हात, आणि गालावर हवा असेल तर दुसरा आडवा. मानेवर उलटा हात नाहीच. कातडी ताणू नका. ताणून कापलेला केस सोडल्यावर आत जातो. मूठ चेहऱ्याला काटकोनात धरून टोपी गालाला टेकवा, मग मूठ हळूहळू खाली आणा. केस कापल्याचा आवाज यायला लागला की कोन मिळाला, साधारण ३० अंशांचा. दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात, दाब अजिबात नाही, वजन रेझरचं. कार्ट्रिजची सवय असलेला माणूस दाबतोच, म्हणून मूठ टोकाशी फक्त तीन बोटांत धरा. फेस नसलेल्या जागेवरून ब्लेड परत फिरवायचं नाही. राहिलं असेल तर आधी फेस.

दाढी झाल्यावर किराणा दुकानातली तुरटी घ्या. भारी डबीत मिळणारा अलम ब्लॉक आणि ही तुरटी एकाच जातीची, पोटॅश ॲलम. हिचे कोपरे ओल्या दगडावर घासून गुळगुळीत करा म्हणजे झालं. इथे पैसे वाचवा. ओल्या चेहऱ्यावर फिरवून अर्धं-एक मिनिट ठेवा आणि धुऊन टाका. ती तुमची परीक्षकही आहे: जिथे झोंबते तिथे तुम्ही दाबलं, कोन चुकला किंवा जास्त वेळा फिरवलं. झोंबणाऱ्या जागा रोज लक्षात ठेवा, दोन-तीन आठवड्यांत त्या कमी व्हायला हव्यात.

दोन ठिकाणी मात्र सामान बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. गोल, कडेने वाढणारा, खाजरा चट्टा असेल तर ती बुरशी असू शकते. त्यावर मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावलं तर खाज थांबते आणि चट्टा आत पसरतो. आणि पू भरलेले फोड पसरत असतील, ताप येत असेल, तर दाढी बंद.

शेती करत असाल तर आणखी एक. ज्या दिवशी फवारणी आहे त्या सकाळी दाढी करू नका. नुकत्याच दाढी केलेल्या कातडीवर दिसत नाहीत असे असंख्य ओरखडे असतात आणि औषध त्यातून आत जायला वाट मिळते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. फवारणीनंतर साबणाने अंघोळ, कपडे बदलणं, आणि दाढी दुसऱ्या दिवशी.

पारखायची रीत अशी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान पाच-सहा दाढ्या तिथेच थांबा. मान शांत झाल्यावर आत्ता हातात आहे तोच रेझर ठेवा, फक्त पाणी बदला. मग क्रीम आणि सिंथेटिक ब्रश. मग ब्लेडचे प्रकार, एकामागून एक. वहीत चारच गोष्टी लिहा: ब्लेड ओढलं का, तुरटी कुठे झोंबली, तासाभराने मान कशी होती, दुसऱ्या दिवशी सकाळी खुंट कितपत. सगळं एकदम नवं आणलं तर दाढी चांगली झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही, आणि वाईट झाली तर दोष बहुधा निर्दोष वस्तूवर जातो. साध्या रेझरवर तुम्हाला आवडणारं ब्लेड सापडलं की मगच पोलादी रेझर मागवा. तेव्हा तेच ब्लेड नव्या रेझरमध्ये लावून दोन्हींतला फरक तुम्हाला स्वच्छ दिसेल. कदाचित तुम्हाला तो फरक इतक्या पैशांचा वाटणार नाही, तेही चालेल.

मागवताना विक्रेता नीट बघा. वापरलेला रेझर आणि उघडलेली क्रीम सहसा परत घेत नाहीत. अवाजवी स्वस्त मेर्कूर किंवा फेदर दिसलं तर हात आखडा. सोलिंगन हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे, तिथे बनलेल्या मालालाच ते लावता येतं. पण नकली पाकिटावर काहीही छापलेलं असू शकतं, म्हणून भरवसा विक्रेत्यावर ठेवायचा. पार्सल आलं की ब्लेड न लावता मूठ आवळून-सोडून आटे तपासा, टोपी-प्लेटच्या कडा नखाने चाचपा, क्रोमखाली फोड आहेत का बघा, आणि मगच पाण्यात घाला.

राहिला वडिलांचा प्रश्न. ब्लेड तर नाहीच, रेझरही सामाईक ठेवू नका. न दिसणाऱ्या जखमेतून रक्त लागतं, आणि कावीळ ब सारखे आजार त्यातून एकाचे दुसऱ्याला जातात, घरातल्या घरातही. त्यांच्यासाठी वेगळा साधा सौम्य रेझर घ्या, फार धारदार नसलेलं ब्लेड लावा, मूठ लांब आणि खरखरीत पकडीची बघा. म्हातारपणी गालाची कातडी सैल होते; त्यांनी तेवढ्यापुरती ती बोटाने हलकेच वर धरावी, हे वर तुमच्यासाठी सांगितलेल्याच्या उलट आहे, पण सरळ पांढऱ्या केसांना आत वळायची सवय नसते आणि घडीत ब्लेड अडकण्याचा धोका जास्त. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा हात थरथरत असेल तर सेफ्टी रेझर नकोच, त्यांना विजेवर चालणारं मशीन द्या. क्रीम आणि वाटी दोघांची एकच चालेल. फेसासाठी ब्रश मात्र ज्याचा त्याचा.